पंधरा वर्षांचा करार आणि दादासाहेब फाळके

हंगाम ऐन भरात असताना प्रशिक्षकाने संघ सोडला की युरोपातील फुटबॉल क्लबांमध्ये चर्चा सुरू होते ती कराराच्या उरलेल्या वर्षांची आणि भरपाईच्या रकमेची. १९७४ मध्ये इंग्लंडच्या लीड्स युनायटेडमधून ब्रायन क्लफ यांना अवघ्या ४४ दिवसांत जावे लागले, तेव्हा क्लबला त्यांच्याशी मोठ्या रकमेची तडजोड करावी लागली. मुदतीपूर्वी बाहेर पडण्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न मात्र केवळ खेळाच्या मैदानापुरता नाही. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांच्यासमोर तो शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि मुद्रणाशी संबंधित तंत्रे आत्मसात केली. पुढे मुद्रणाच्या व्यवसायात त्यांनी नाव कमावले. 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या छापखान्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. परंतु भागीदारांशी मतभेद होताच त्यांनी चालता व्यवसाय सोडला. पटले नाही तर नुकसान सोसूनही बाजूला व्हायचे, हा त्यांचा स्वभाव तेव्हाच दिसून आला होता.

१९११ मध्ये मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांनी आपल्या पुराणकथा पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी कर्ज काढले, १९१२ मध्ये लंडन गाठले आणि कॅमेरा व इतर सामग्री मिळवली. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकून घेतली आणि कामगारांच्या जेवणाची व्यवस्थाही सांभाळली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्यानंतर फाळके यांनी आपला कारभार नाशिकला हलवला. १९१७ मधील 'लंकादहन'ला प्रेक्षकांचा उदंड प्रतिसाद मिळाला.

भांडवल आले, अटीही आल्या

यश मिळाले तरी पैशाची ओढाताण संपली नव्हती. पहिल्या महायुद्धामुळे कच्ची फिल्म मिळणे दुरापास्त झाले होते. अशा वेळी मुंबईतील काही उद्योजक भांडवल घेऊन पुढे आले आणि १ जानेवारी १९१८ रोजी फाळके यांच्या कंपनीचे रूपांतर 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी'त झाले. वामन श्रीधर आपटे हे व्यवस्थापकीय भागीदार झाले, तर फाळके हे काम करणारे भागीदार. पैसा इतरांचा आणि कला व तंत्र फाळके यांचे, अशी ही विभागणी होती.

प्रारंभ उत्तम झाला. 'श्रीकृष्णजन्म' आणि १९१९ मधील 'कालिया मर्दन' हे दोन्ही चित्रपट लोकप्रिय ठरले. दोन्ही चित्रपटांत दादासाहेबांची कन्या मंदाकिनी हिने भूमिका केली होती. मात्र पडद्यावरील यशाबरोबर कंपनीतील बेबनावही वाढत गेला. चित्रपट मनासारखा होईपर्यंत खर्चाकडे न पाहणे ही फाळके यांची पद्धत होती, तर गुंतवलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मिळावा ही भागीदारांची अपेक्षा होती. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी चुकीचे नव्हते. पण एका छपराखाली ते नांदणे अवघड होते.

फाळके यांनी बाहेर पडण्याचा निर्णय घेतला, तेव्हा भागीदारांनी करारावर बोट ठेवले. करारानुसार त्यांनी कंपनीत १५ वर्षे काम करणे बंधनकारक होते. मुदतीपूर्वी कंपनी सोडल्यास नफ्यातील १५ टक्के वाट्यावर पाणी सोडावे लागणार होते आणि शिवाय कंपनीला ५० हजार रुपये द्यावे लागणार होते. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती.

फुटबॉल प्रशिक्षकाला दुसऱ्या क्लबने पळवले, तर भरपाईची रक्कम सहसा नवा क्लब मोजतो. फाळके यांच्या बाबतीत असा कोणी पाठीराखा नव्हता. ते दुसऱ्या कंपनीच्या आमिषाने निघाले नव्हते, तर स्वतःच्याच कंपनीत परके झाले म्हणून निघाले होते. तरीही ते थांबले नाहीत. कराराची तीन वर्षेही पुरी होण्याआधी ते कुटुंबासह काशीला गेले आणि चित्रपटातून निवृत्त झाल्याचे त्यांनी जाहीर केले.

काशीहून परत

काशीत त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. 'संदेश'चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी त्यांना परतण्याचा आग्रह केला. चित्रपटसृष्टीपुरते आपण मेलो आहोत, अशा आशयाचे उत्तर फाळके यांनी धाडले. कोल्हटकरांनी ते फाळके यांच्या निधनाची वार्ता असल्यासारख्या मथळ्याखाली छापले आणि वाचकांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला. १९२२ मध्ये 'रंगभूमी' रंगमंचावर आले, पण ते चालले नाही. तिकडे नाशिकमध्ये कंपनीला तोटा होत होता. इतर दिग्दर्शकांचे चित्रपट फाळके यांची उणीव भरून काढू शकले नव्हते.

अखेर दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज पटली. निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून फाळके पुन्हा त्याच कंपनीत दाखल झाले. या दुसऱ्या पर्वात त्यांनी अनेक चित्रपट केले, परंतु पहिल्या चित्रपटांची झळाळी त्यांना आली नाही. पुढे त्यांनी कंपनी कायमची सोडून स्वतंत्रपणे 'सेतुबंधन' केला. तो मूकपट तयार होईपर्यंत बोलपटांचे युग अवतरले होते. त्याला नंतर ध्वनीची जोड द्यावी लागली. १९३७ मधील 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

भारत सरकारने १९६९ पासून दादासाहेबांच्या नावे चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. त्यांच्या गौरवगाथेत १९१३ चे यश आवर्जून सांगितले जाते. १९१८ चा करार मात्र मागे पडतो. वास्तविक तोही तितकाच बोलका आहे. कलावंताच्या जाण्याची किंमत त्यात ५० हजार रुपये अशी नेमकी लिहिलेली होती. त्याच्या जाण्याने पडणारी पोकळी त्या आकड्यात मावली नाही, हे भागीदारांना तोट्यातून उमगले. आणि भांडवलाशिवाय चित्रपट उभा राहत नाही, हे फाळके यांनाही पुन्हा त्याच दारात यावे लागल्यावर मान्य करावे लागले.