विजय मर्चंट : न केलेल्या दौऱ्याची गोष्ट



आपल्या इंदूरमध्ये क्रिकेटचा विषय निघाला की कर्नल सी. के. नायडू आणि सय्यद मुश्ताक अली ही दोन नावे आपोआप ओठांवर येतात. ते योग्यच आहे. पण या अंकासाठी आम्ही मुंबईच्या एका खेळाडूचे चरित्र निवडले आहे. त्यांचे नाव विजय मर्चंट. १६ वर्षांखालील मुलांची जी राष्ट्रीय स्पर्धा असते, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्या स्पर्धेत निवड व्हावी म्हणून गावोगावची मुले पहाटे उठून मैदान गाठतात. मात्र हे मर्चंट कोण होते, असे विचारले तर बहुतेक मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

विजयचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत झाला. घराण्याचे आडनाव ठाकरसी. कापड गिरण्या चालविणारे हे संपन्न गुजराती कुटुंब होते. मग मर्चंट हे आडनाव आले कोठून? त्याची गोष्ट अशी सांगतात की शाळेत नाव विचारताना वडिलांचा व्यवसायही विचारला गेला, आणि व्यापारी या अर्थाचा इंग्रजी शब्द नावापुढे लिहिला गेला. तेच आडनाव जन्मभर राहिले. भरडा न्यू हायस्कूल आणि नंतर सिडनहॅम महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. फलंदाजी शांत, तंत्रशुद्ध, घाईगर्दी नसलेली. विशीत पोहोचेपर्यंत मुंबईच्या मैदानांवर त्यांचे नाव झाले होते.

आता १९३२ सालाकडे वळू. भारतीय क्रिकेटच्या दृष्टीने हे वर्ष सोन्याचे. भारताचा संघ इंग्लंडला जाणार होता आणि लॉर्ड्सच्या मैदानावर आपला पहिला अधिकृत कसोटी सामना खेळणार होता. कोणत्याही तरुण खेळाडूने ज्याची रात्रंदिवस वाट पाहावी, असे ते बोलावणे होते. पण देशात त्या वेळी काय चालले होते? गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेहून २८ डिसेंबर १९३१ रोजी मुंबईत परतले आणि अवघ्या आठवडाभरात, ४ जानेवारी १९३२ रोजी, त्यांना मणिभवनातून पकडून येरवड्याच्या तुरुंगात नेण्यात आले. काँग्रेस बेकायदेशीर ठरविण्यात आली. हजारो सत्याग्रही गजाआड गेले. व्हाइसरॉय होते लॉर्ड विलिंग्डन. ज्या राजसत्तेने देशाचे नेते कोंडले होते, त्याच राजसत्तेच्या राजधानीत जाऊन, पाहुणे म्हणून हस्तांदोलने करीत खेळायचे, असा तो प्रसंग होता.

मर्चंट यांनी नकार दिला. नेते तुरुंगात असताना आपण या दौऱ्याच्या निवडीत भाग घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. वय किती? फक्त २० वर्षे. ते एकटे नव्हते. एल. पी. जय आणि चंपक मेहता या मुंबईच्या खेळाडूंनीही तोच मार्ग धरला. मुंबईत त्या वेळी वातावरणच तसे होते. सविनय कायदेभंगाच्या त्या वर्षांत, १९३० ते १९३३ या काळात, मुंबईची प्रसिद्ध चौरंगी क्रिकेट स्पर्धासुद्धा भरली नव्हती.

मुलांनो, येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. संघ मर्चंटवाचून अडला नाही. पोरबंदरच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली तो इंग्लंडला गेला. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर कसोटी सुरू झाली, तेव्हा महाराजांनी संघाची सूत्रे आपल्या इंदूरच्या नायडूंकडे सोपविली. मोहम्मद निसार यांच्या वेगवान माऱ्यापुढे इंग्लंडची सुरुवातीलाच ३ बाद १९ अशी दाणादाण उडाली. भारत १५८ धावांनी हरला, पण मान ताठ ठेवून हरला. भारताच्या पहिल्या अकरा कसोटी खेळाडूंची नावे इतिहासात कायमची कोरली गेली. त्या अकरांत विजय मर्चंट नाहीत. ती जागा नंतर कितीही शतके ठोकून भरून येणारी नव्हती.

मग जे गेले ते चुकले का? असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. नायडूंनी लॉर्ड्सवर भारताचे नेतृत्व केले, तो इंदूरच्या अभिमानाचा दिवस आहे. गोऱ्या साहेबाला त्याच्याच अंगणात जाऊन टक्कर देणे हीसुद्धा एक देशसेवाच होती. एकाच वर्षी, एकाच खेळात, दोन सच्ची माणसे दोन वेगळ्या निर्णयांवर पोहोचली. पुढे मर्चंट याच नायडूंच्या नेतृत्वाखाली कसोटी खेळले. आपण गेलो नाही म्हणून गेलेल्यांना कमी लेखायचे, असा त्यांचा स्वभाव नव्हता.

नकाराची किंमत सर्वांना सारखी पडली नाही, हेही सांगितले पाहिजे. मर्चंट तरुण होते, त्यांना पुन्हा संधी मिळाली. जय तेव्हा तिशीत पोहोचले होते. त्यांच्या वाट्याला पुढे एकच कसोटी आली. मुंबईला पहिला रणजी करंडक जिंकून देणारे कर्णधार ते, पण कसोटीच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे एक हा आकडा आहे. चंपक मेहतांना तर एकही कसोटी मिळाली नाही. आज आपण मर्चंट यांचे नाव घेतो, तेव्हा या दोघांचेही स्मरण ठेवणे हे आमचे कर्तव्य आहे.

१९३३ साली डग्लस जार्डिन यांचा एमसीसी संघ भारतात आला. गांधीजी तोपर्यंत तुरुंगाबाहेर आले होते. मुंबई जिमखान्यावर भारतातील पहिली कसोटी झाली आणि मर्चंट यांनी त्यात पदार्पण केले. याच दौऱ्याशी जोडलेली एक गमतीची आठवण प्रसिद्ध आहे. विजयची बहीण लक्ष्मी गांधीजींची स्वाक्षरी घ्यायला गेली. गांधीजींनी वही चाळली. एका पानावर एमसीसीच्या १६ खेळाडूंच्या सह्या होत्या. त्यांनी त्याखाली १७ वा म्हणून आपले नाव लिहून दिले! ज्या नेत्याच्या अटकेमुळे भावाने दौरा सोडला, त्याच्या मनात इंग्रज खेळाडूंविषयी कसलीही कटुता नव्हती. विरोध राज्याला होता, माणसांना नव्हता.

मर्चंट अखेर १९३६ साली इंग्लंडला गेले. मँचेस्टरच्या कसोटीत ते आणि आपले मुश्ताक अली सलामीला उतरले आणि दोघांनी २०३ धावांची भागी केली. मुश्ताक ११२, मर्चंट ११४. एकाचा खेळ म्हणजे धबधबा, दुसऱ्याचा म्हणजे संथ वाहणारी नदी. इंदूर आणि मुंबईची ही जोडी भारतीय क्रिकेटमध्ये अजून आठवली जाते. विस्डेन या प्रसिद्ध वार्षिकाने मर्चंट यांना वर्षातील पाच उत्तम खेळाडूंत स्थान दिले.

मर्चंट हे गांधीजींची प्रत्येक गोष्ट डोळे मिटून मानणारे होते, असे मात्र समजू नका. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी धर्मावर आधारलेल्या संघांच्या सामन्यांना नापसंती दर्शविली. त्या वर्षी हिंदू संघ पंचरंगी स्पर्धेतून बाहेर पडला. पुढल्या वर्षी तो परतला आणि मर्चंटही त्यातून खेळले. १९४३ च्या अंतिम सामन्यात त्यांनी नाबाद २५० धावा केल्या आणि समोरून विजय हजारे यांनी ३०९ धावांचे उत्तर दिले. आज अनेकांना गांधीजींचेच म्हणणे बरोबर वाटेल, आम्हालाही वाटते. पण एवढे खरे की १९३२ चा नकार कोणी सांगितले म्हणून दिलेला नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्या विवेकातून आला होता.

मार्च १९४५ चा रणजी अंतिम सामना इंदूरकरांना थोडा बोचणारा आहे. मर्चंट यांची मुंबई आणि नायडूंचे होळकर समोरासमोर. मर्चंट यांनी दुसऱ्या डावात २७८ धावा काढल्या. होळकरांकडून मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतक केले, डेनिस कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिले, तरी मुंबई ३७४ धावांनी जिंकली. पुढल्या वर्षी, १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर, याच कॉम्प्टननी ओव्हलच्या कसोटीत मर्चंट यांना धावबाद केले, तेही चेंडू पायाने यष्ट्यांवर मारून! कॉम्प्टन फुटबॉलपटूही होते ना. तोपर्यंत मर्चंट यांच्या १२८ धावा झाल्या होत्या.

महायुद्धाने त्यांची ऐन उमेदीची वर्षे खाल्ली, पुढे प्रकृतीने ऑस्ट्रेलियाचा दौरा हुकविला. १८ वर्षांत त्यांच्या वाट्याला फक्त १० कसोटी आल्या. शेवटची कसोटी दिल्लीत १९५१ साली. वय ४० आणि धावा १५४, ही त्यांची सर्वोच्च कसोटी खेळी. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी ७१.६४ होती. जगात त्यांच्या पुढे दीर्घकाळ केवळ डॉन ब्रॅडमन यांचे नाव राहिले.

खेळ संपल्यावर त्यांनी कुटुंबाचा उद्योग सांभाळला, निवड समितीचे अध्यक्षपद भूषविले आणि १९७१ साली आपले निर्णायक मत देऊन अजित वाडेकरांना कर्णधार केले. त्या वर्षी भारत वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकला. रेडिओवरील त्यांचा क्रिकेटचा कार्यक्रम जुन्या पालकांना आठवत असेल. दृष्टिहीन आणि दिव्यांग बांधवांना काम मिळावे, यासाठी त्यांनी मनापासून प्रयत्न केले. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता थोडे आपल्या शाळेविषयी. पाहुण्यांच्या स्वागतासाठी रांगेत उभे राहणे, मिरवणुकीत चालणे, व्यासपीठावर एखाद्याच्या हस्ते बक्षीस घेणे, असे प्रसंग शाळेत येतच असतात. बहुतेक मुले आनंदाने येतात. पण कधी एखादा विद्यार्थी मनाला पटत नाही म्हणून नम्रपणे नाही म्हणू शकतो. तेव्हा आम्ही शिक्षकांनी काय करावे? आमचे मत असे की प्रथम त्याचे ऐकून घ्यावे. आळसाचा नकार आणि विचाराचा नकार यांतला फरक ओळखणे फार कठीण नसते. आळस सबब शोधतो आणि बक्षीसही मागतो. विचार कारण आधी सांगतो, होणारे नुकसान मुकाट्याने सोसतो आणि जे गेले त्यांना नावे ठेवत नाही. असा विद्यार्थी भेटला तर त्याचे गुण कापू नयेत, त्याला सर्वांसमोर उभे करू नये, ही पालकांना आणि विश्वस्तांना आमची विनंती आहे.

आणि मुलांनो, तुम्ही विजय मर्चंट करंडकासाठी जरूर सराव करा, खूप धावा काढा. फक्त त्या नावामागे २० वर्षांचा एक तरुण उभा आहे, ज्याने सर्वांत मोठा सामना सोडून दिला होता, हे विसरू नका.