चाळीस मैल अंधार आणि एक भलंमोठं चाक

तुमच्यापैकी कुणी पुणे-गोवा किंवा मनाली-लेह सायकलने केलं असेल, तर एक गुपित तुम्हाला ठाऊक आहे. इन्स्टावर जातात ते फोटो उताराचे. चढावर मोबाइल बाहेर काढण्याइतका जीव असतो कुणात? थॉमस स्टीव्हन्सची ओळख सगळीकडे ‘सायकलवरून जगाला फेरी मारणारा पहिला माणूस’ अशी करून देतात, आणि ती खरीच आहे. पण त्याच्या प्रवासाचा हिशोब बघितलात तर गंमत वाटेल. अमेरिका आडवी पार करताना एक तृतीयांशाहून जास्त वाट या पठ्ठ्याने पायी काढली. सायकल बाजूला, हाताने ढकलत!

सायकल कसली, ते आधी बघा. १८८४ साल. तुमच्या-माझ्या ओळखीची, दोन सारखी चाकं आणि मागे चेन असलेली सायकल अजून बाजारात रुळायची होती. स्टीव्हन्सकडे होती ‘पेनी-फार्दिंग’. पुढचं चाक ५० इंचांचं, म्हणजे जवळपास तुमच्या छातीपर्यंत येणारं, आणि मागचं अगदीच पिटुकलं. पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला. गिअर नाही, टायरमध्ये हवा नाही, नुसतं भरीव रबर. पेडल एकदा फिरवलं की चाक एकदा फिरणार आणि तुम्ही साधारण चार मीटर पुढे. सपाट रस्त्यावर मजा, पण चढावर मांड्यांची वाट. आणि उतारावर पुढच्या चाकाखाली दगड आला की माणूस हँडलवरून थेट तोंडावर. एवढ्या उंचीवरून!

स्टीव्हन्स मूळचा इंग्लंडचा, १८५४ चा जन्म. अमेरिकेत येऊन मिळेल ती कामं करत होता. २२ एप्रिल १८८४ ला सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, तेव्हा तिशीही गाठली नव्हती. सोबत मोजे, एक जादा शर्ट, अंथरूण आणि तंबू अशा दोन्ही कामांना येणारा रेनकोट आणि एक रिव्हॉल्व्हर. बस्स.

थोड्याच दिवसांत समोर सिएरा नेवाडाचे डोंगर आले. एप्रिल संपत आला तरी वरती बर्फ तसाच. गाडीवाट बर्फाखाली, मग उरले फक्त रेल्वेचे रूळ. बर्फ रुळांवर कोसळू नये म्हणून तिथे रेल्वेने लाकडी शेड बांधल्या होत्या. एक-दोन नाही, जवळपास चाळीस मैल. आपल्या खंडाळ्याच्या घाटातले बोगदे आठवा आणि त्यांतून सायकल ढकलत चालायचंय असं धरा. स्लीपरवरून चाक उड्या मारणार, आत अंधार, धूर कोंडलेला. लांबून इंजिनाची धडधड ऐकू आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं, गाडी जाऊ द्यायची, खोकत पुन्हा चालू पडायचं. सोबत बोलायला कुणी नाही. आज कुठवर आलो हे सांगायलाही नाही.

रुळांवरून चालण्याची किंमत त्याला एका उंच पुलावर कळली. अर्ध्यात असताना गाडी आली. मागे पळायला वेळ नाही, बाजूला सरकायला जागा नाही. तो बाहेर आलेल्या लाकडाच्या टोकाशी सरकला आणि सायकल खाली दरीवर लोंबकळत धरून राहिला. सायकल सोडली असती तर स्वतःला सांभाळणं सोपं गेलं असतं. नाही सोडली. हा वेडेपणा की जिद्द, हे तुमचं तुम्ही ठरवा. मला तरी तो वेडेपणाच वाटतो.

पुढे नेवाडाचं खारट वाळवंट, तिथेही पायपीट. ४ ऑगस्टला बोस्टनला पोचला. सुमारे ३,७०० मैल, प्रत्यक्ष प्रवासाचे साडेत्र्याऐंशी दिवस.

इथे थांबला असता तरी नाव झालं असतं. पण एका मासिकाने त्याला प्रवास लिहून पाठवायचं काम दिलं आणि मे १८८५ मध्ये तो लिव्हरपूलहून पूर्वेकडे निघाला. युरोप, तुर्कस्तान, इराण. तुर्कस्तानातल्या गावांत दमून पोचला की जेवणाआधी लोक म्हणायचे, चालवून दाखव. हिवाळा तेहरानमध्ये काढला, तिथे खुद्द शहापुढे सायकल चालवली. मग अफगाणिस्तानात पकडून त्याला मागे धाडलं. म्हणजे शेकडो मैल पाण्यात! मोठा वळसा घेऊन, बोटीने कराची गाठून तो लाहोरला आला आणि १८८६ च्या पावसाळ्यात ग्रँड ट्रंक रोडने दिल्ली, कानपूर, बनारस करत कलकत्त्याला पोचला.

त्याचं पुस्तक वाचलंत तर एक गोष्ट खटकेल. ज्यांनी त्याला जेवू घातलं, झोपायला जागा दिली, त्या लोकांबद्दल तो बऱ्याचदा गोऱ्या साहेबाच्या तोऱ्यात लिहितो. आणि हेही खरं की त्या लोकांशिवाय तो कुठेच पोचला नसता. चीनमध्ये जी-आन या गावी जमाव त्याच्यावर धावून आला. फ्रान्सशी झालेल्या लढाईचा राग ताजा होता आणि गोरा माणूस म्हणजे शत्रू, एवढंच लोकांना कळत होतं. तेव्हा त्याला वाचवलं ते चिनी अधिकाऱ्यांनीच. कचेरीत आसरा दिला आणि पहाऱ्यात नदीमार्गे पुढे काढून दिलं.

१७ डिसेंबर १८८६ ला जपानमधल्या योकोहामाला फेरी संपली. त्याच्या मोजणीने सुमारे १३,५०० मैल. तो वाटेत असतानाच, १८८५ मध्ये, इंग्लंडात चेनवाली ‘रोव्हर’ आली होती आणि उंच चाकाचे दिवस भरले होते. स्टीव्हन्स १९३५ पर्यंत जगला. त्याची सायकल बनवणाऱ्या कंपनीने जपून ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धात लोखंड कमी पडलं, तेव्हा ती भंगारात दिली गेली.