विटांच्या कमानी आणि ब्रुनेल

लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथे ब्रेंट नदीच्या खोऱ्यावर आठ कमानींचा एक विटांचा रेल्वेपूल उभा आहे. वॉर्नक्लिफ पूल हे त्याचे नाव. प्रत्येक कमानीचा गाळा ७० फुटांचा. १८३७ साली तो बांधून पुरा झाला, तेव्हा त्याचा कर्ता इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल जेमतेम तिशीत होता. ज्याचे नाव महाकाय आगबोटींमुळे जगभर गाजले, त्याचे चरित्र सांगताना आम्हांस प्रथम या पुलाचेच स्मरण होते.

ब्रुनेलचा जन्म ९ एप्रिल १८०६ रोजी पोर्ट्समथ येथे झाला. वडील मार्क ब्रुनेल हे फ्रान्समधून परागंदा झालेले नामांकित अभियंते. टेम्स नदीखालील बोगद्याचे काम पितापुत्र मिळून करीत असता १८२८ साली आत पाणी घुसले. सहा कामगार प्राणांस मुकले. ब्रुनेल थोडक्यात बचावला. पुढे १८३३ साली, वयाची सत्तावीस वर्षेही भरली नसताना, लंडन-ब्रिस्टल रेल्वेचे अभियंतापद त्याच्याकडे आले.

या रेल्वेचे विधेयक ज्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे तडीस गेले, त्या लॉर्ड वॉर्नक्लिफ यांचे नाव हॅनवेलच्या पुलास मिळाले. त्यांचे कुलचिन्हही पुलाच्या दर्शनी भागावर कोरलेले आहे. खांब आतून पोकळ ठेवून ब्रुनेलने बांधकामाचा भार हलका केला. पुढे मेडनहेड येथे त्याने १२८ फुटांच्या दोन विटांच्या कमानी इतक्या चपट्या बांधल्या की, त्या कोसळणारच असे टीकाकार म्हणू लागले. कमानींखालचा लाकडी आधार १८३९ च्या वादळात उडून गेला. कमानी मात्र जागच्या हलल्या नाहीत.

ब्रुनेलच्या साऱ्याच कल्पनांना असे यश लाभले नाही. सात फुटांहून किंचित अधिक रुंदीचा त्याचा रूळमार्ग १८९२ साली कायमचा बंद झाला. ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड आगबोटीने तर त्याची प्रकृती पार खचविली. १५ सप्टेंबर १८५९ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. उतारूंच्या वाहतुकीत ती बोट तोट्यातच राहिली. १८७० साली मुंबई ते एडन ही समुद्रतळाची तार टाकण्याच्या कामी मात्र ती आली. पुढे तीही मोडीत निघाली.

हॅनवेलचा पूल मात्र आजही कामावर आहे. १८७७ साली जादा रुळांसाठी तो रुंद केला गेला. ब्रुनेलच्या काळी कल्पनेतही नव्हत्या अशा वेगवान गाड्या त्यावरून धावतात आणि पोकळ खांबांत वटवाघळे सुखाने नांदतात. मोठ्या स्वप्नांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु अनाम गवंड्यांनी एकेक वीट नीट बसविली, म्हणूनच ब्रुनेलची ही कृती पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकली. पन्नास वर्षांची वाटचाल पुरी करणाऱ्या मंडळाच्या स्मरणिकेत त्या हातांचेही स्मरण असावे, असे आम्हांस वाटते.