आसन नव्हे, प्याला : सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचे स्मरण

याकोब व योहान या जब्दीच्या पुत्रांनी प्रभू येशूच्या वैभवात त्याच्या उजवीकडचे व डावीकडचे आसन मागितले, हा प्रसंग मार्कलिखित शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येतो. प्रभूने नुकतेच आपल्या मरणाचे भाकीत केले होते. शिष्यांच्या डोळ्यांपुढे मात्र सिंहासन होते. प्रभूने त्यांच्यापुढे प्याला ठेवला आणि थोरपणाची वाट सेवकाच्या कामातून जाते, हे शिकविले. या अध्यायावर मनन करताना आम्हांस सोलापूरच्या एका सुपुत्राचे स्मरण होते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. प्रतिष्ठा व अर्थप्राप्ती यांचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चीनचे सेनानी झू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची विनंती केली आणि सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ मध्ये, पाच डॉक्टरांचे पथक चीनला रवाना झाले. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. बसू व डॉ. मुखर्जी यांच्यासमवेत डॉ. कोटणीस त्यात होते.

परदेशी असतानाच पित्याच्या निधनाची वार्ता त्यांना कळली. तरीही त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले व पुढे उत्तर चीनच्या डोंगराळ रणक्षेत्रात गेले. तेथील भाषा ते शिकले. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या व ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, असे सांगितले जाते. १९४१ मध्ये कॅनडाचे दिवंगत शल्यविशारद नॉर्मन बेथून यांच्या नावे चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुत्र जन्मला. भारत व चीन या दोन्ही देशांच्या नावांतील अक्षरे घेऊन त्याचे नाव यिनहुआ ठेवले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या विकाराने, अवघ्या ३२ व्या वर्षी डॉक्टरांचे देहावसान झाले. पथकातील इतर चौघे मायदेशी परतले. सोलापूरचा पुत्र परतला नाही.

डॉ. कोटणीस ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांना ओढूनताणून आपल्यात आणणे आम्हांस योग्य वाटत नाही. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते, हेही सत्य आहे. परंतु जखमी वाटसरूची शुश्रूषा करणारा शोमरोनीही परकाच होता. प्रभूने त्याचा पंथ पाहिला नाही. त्याची करुणा पाहिली.

व्ही. शांताराम यांचा चित्रपट १९४६ साली आला. टपाल तिकिटे, पुतळे, सोलापुरातील स्मारक, हे सारे नंतरचे. यांतील काहीही डॉक्टरांच्या दृष्टीस पडले नाही. त्यांच्या वाट्याला आली ती रात्रंदिवसाची धावपळ आणि परक्या मातीतील समाधी.

बंधुभगिनींनो, धर्मग्रामाच्या सणाला व्यासपीठावर नाव घेतले गेले नाही, देणगीच्या फलकावर आपली ओळ खाली लागली, एवढ्यावरून सेवा सोडणारे हात आपण पाहतो. धर्मगुरूंच्या मनालाही हा मोह शिवतो. म्हणून एकच प्रश्न आम्ही स्वतःपुढे व आपणांपुढे ठेवतो : कोणीही पाहणार नाही, कोणीही लिहून ठेवणार नाही, हे ठाऊक असते तर आज हाती असलेले काम आपण केले असते काय? प्याला उचलण्यापूर्वी प्रत्येकाने त्याचे उत्तर प्रभूसमोर द्यावे.