चित्रकार आंजेलो द फोन्सेका

परक्या वेषांत आलेला पाहुणा कितीहि थोर असला, तरी घरांतील मुलें त्याच्याजवळ जावयास प्रथम बुजतात. तोच पाहुणा आपल्या भाषेंत बोलूं लागला आणि आपल्या पंक्तीस मांडी घालून बसला, कीं परकेपणा क्षणांत मावळतो. धर्माचें व कलेचें असेंच आहे. ही गोष्ट ज्यांनीं आयुष्यभर रंगांनीं सांगितली, आणि तिच्यापायीं जन्मभूमि सोडावी लागली तरी सांगावयाची थांबविली नाहीं, अशा एका चित्रकाराचें चरित्र विद्यार्थिमित्रांपुढें ठेवावयाचें योजिलें आहे. आंजेलो द फोन्सेका हें त्यांचें नांव. ते जन्मानें गोमंतकीय. परंतु त्यांच्या कर्तृत्वाचा काळ मुख्यत्वें आपल्या पुणें शहरांत गेला. आपल्या मुळशी तालुक्यांतून ह्या ना त्या कामासाठीं पुण्यास जाणाऱ्यांपैकीं फार थोड्यांस ह्या पुरुषाची माहिती असेल.

फोन्सेका ह्यांचा जन्म १९०२ सालीं गोमंतकांतील सांत इस्तेव्ह ह्या बेटावर एका संपन्न ख्रिस्ती कुटुंबांत झाला. त्या वेळीं गोमंतकावर पोर्तुगीजांचें राज्य होतें. तेथील देवालयांतील येशू, मरिया व साधुसंत ह्यांच्या मूर्तींची घडण युरोपीय वळणाची असे. त्यांतील कित्येक मूर्ति एतद्देशीय कारागिरांच्याच हातच्या होत्या. पण चेहरा, वर्ण व वस्त्र हीं समुद्रापलीकडचीं होतीं. बाल आंजेलोनें देव पाहिला तो ह्याच रूपांत.

पुढें वैद्यकीचा अभ्यास करण्यासाठीं ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत गेले. तो मार्ग प्रतिष्ठेचा होता. परंतु मन रमेना. तो सोडून ते जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. तेथील शिक्षणाची पद्धत प्राधान्येंकरून युरोपीय होती. तीहि त्यांस मानवली नाहीं, आणि ते थेट बंगालची वाट चालूं लागले. दोन वेळां हातचें सोडून तिसऱ्याच वाटेनें जाणाऱ्या तरुणास लोक चंचल म्हणतात. परंतु ज्यास आपणांस काय नको हें निश्चित कळलें आहे, त्यास काय हवें हेंहि लवकरच कळतें.

बंगालमध्यें अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस ह्या थोर गुरूंचा त्यांस लाभ झाला. ह्या मंडळींनीं अजिंठ्याच्या भिंती, मोगल व राजपूत लघुचित्रें आणि जपानी चित्रकला ह्यांचा अभ्यास करून नवी शैली घडविली होती. कागदावर पातळ जलरंग द्यावा, तो वाळल्यावर कागद पाण्यानें धुवावा, आणि पुनः रंग चढवावा. असें वारंवार केल्यानें रंग कागदांत मुरतो व चित्रावर पहांटेच्या धुक्यासारखी मृदुता येते. ही रीत फोन्सेका ह्यांनीं आत्मसात केली. पण रीतीहूनहि मोठें असें एक धैर्य त्यांस तेथें मिळालें. आपल्या देशाच्या डोळ्यांनीं पाहण्यांत कमीपणा नाहीं, हें तें धैर्य होय.

गोमंतकांत परतल्यावर त्यांनीं ख्रिस्तचरित्रांतील प्रसंग त्या डोळ्यांनीं रंगविण्यास आरंभ केला. त्यांची मरिया सांवळी, साडी नेसलेली, अनवाणी चालणारी, भारतीय मातेसारखी दिसे. आज ह्यांत कोणास वावगें वाटणार नाहीं. परंतु गोमंतकांत ख्रिस्ती होणें म्हणजे नांव, वेष व रीतिभाति सर्वच बदलणें, असें शतकानुशतकें चालत आलें होतें. तेथील पुष्कळ धर्मगुरूंस व प्रतिष्ठितांस हीं चित्रें धर्माचा उपमर्द करणारीं वाटलीं. विरोध एवढा वाढला, कीं फोन्सेका ह्यांनीं गांव सोडून पुण्याचा रस्ता धरला.

वास्तविक फ्लेमिश चित्रकारांनीं मरियेस आपल्याच शहरांतील घरांत बसविलें, आणि इटालियन चित्रकारांनीं तिच्या पाठीमागें आपल्याच टेकड्या रंगविल्या. येशू व मरिया जन्मानें युरोपीय नव्हतींच. तीं आशिया खंडांतील. मग जी मोकळीक युरोपनें घेतली ती भारतानें घेऊं नये काय? फोन्सेका ह्यांनीं हा प्रश्न वादविवादानें नव्हे, तर कुंचल्यानें विचारला.

पुण्यास शिवाजीनगरांत ख्रिस्त प्रेम सेवा संघाचा आश्रम आहे. त्याचें मूळ म्हणजे रेव्हरंड जॅक विन्स्लो ह्यांनीं १९२२ सालीं अहमदनगर येथें स्थापिलेला ख्रिस्त सेवा संघ. साधें अन्न व भारतीय पद्धतीची उपासना हें ह्या मंडळींचें व्रत होतें. त्यांस रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांच्या विचारांतून स्फूर्ति मिळाली होती. टिळकांनीं अभंगादि मराठी छंदांत ख्रिस्तभक्ति गाइली; जें त्यांनीं शब्दांनीं केलें, तेंच फोन्सेका ह्यांनीं रंगांनीं केलें, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं. आश्रम अँग्लिकन पंथीयांचा, फोन्सेका कॅथॉलिक. तरी ते तेथें राहिले, आपला पंथ त्यांनीं सोडला नाहीं, आणि पुष्कळ वर्षें एकाग्रतेनें चित्रें काढलीं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील इतिहाससंशोधक फादर हेरास ह्यांनीं त्यांच्या गुणांची कदर करून त्यांस उत्तेजन दिलें. पुढें त्यांचा विवाह झाला, आणि पत्नी आयव्ही ह्यांचीच चर्या त्यांच्या अनेक मरिया-चित्रांत उतरली.

काळ हळूहळू पालटला. १९६१ सालीं गोमंतक मुक्त झाला. १९६२ ते १९६५ ह्या काळांत रोम येथें भरलेल्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें प्रत्येक देशाच्या कलेस उपासनेंत मानाचें स्थान असल्याचें मान्य केलें. ज्या विचारासाठीं फोन्सेका ह्यांनीं तीस वर्षांपूर्वीं गांव सोडलें होतें, तो अशा रीतीनें राजमान्य झाला. परंतु त्याचें फळ चाखावयास त्यांस फार दिवस मिळाले नाहींत. १९६७ सालीं पुण्यास त्यांचा अंत झाला. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोमंतकांतच, पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रांत जतन केलेला आहे. ज्या भूमीनें चित्रकारास ठाव दिला नाहीं, तिनेंच त्याचीं चित्रें उराशीं धरलीं.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रापासून काय घ्यावें? आपल्यांतील कित्येकांस सुंदर चित्र म्हणजे बर्फाचीं शिखरें व लाल कौलांचे परदेशी बंगले असें वाटतें. पण मुळशीच्या जलाशयाकांठची सांजवेळ, आंबेमोहोराच्या खाचरांत वांकून आवण लावणाऱ्या बाया, पावसांत इरलें घेऊन उभा असलेला गुराखी, हें सर्व आपल्या दारांतच आहे. जें पवित्र आहे तें दूर देशींच असतें, हा भ्रम फोन्सेका ह्यांनीं स्वतःपुरता घालविला आणि त्याचें मोल निमूटपणें दिलें. आपली आई डोक्यावर घागर घेऊन उंबऱ्यांतून आंत येईल तेव्हां तिच्याकडे एकवार नीट पाहा. ह्या चित्रकारानें जन्मभर काय पाहिलें, तें तुम्हांस आपोआप कळेल.