संगीत नाटकाचे जनक : अण्णासाहेब किर्लोस्कर

स्वतः पदे रचणारा, त्यांना चाली देणारा आणि ती रंगभूमीवर गाणारा पुरुष आपल्याच बेळगाव जिल्ह्यात जन्मला, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे? त्याचे नाव बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर.

दिनांक ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. याच वर्षी सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला, हा मोठा सुंदर योगायोग होय. अण्णासाहेबांचे बालपण कानडी मुलखात गेले; त्यामुळे मराठी व कानडी या दोन्ही भाषा त्यांस सारख्याच जवळच्या. पुढे विद्याभ्यासासाठी ते पुण्यास गेले. परंतु पुस्तकापेक्षा त्यांचे मन नाटकातच अधिक रमे. मंडळ्यांना पदे रचून देता देता अभ्यास मागे पडला. मग बेळगावास येऊन त्यांनी काही काळ शिक्षकाचे काम केले व १८६६ मध्ये येथेच हौशी नाटकमंडळी काढली.

त्या काळी नाटकवाल्यांस समाजात मान नव्हता. सुशिक्षिताने तोंडास रंग लावणे म्हणजे कुळाला बट्टा, अशी समजूत होती. सरकारी नोकरीत असलेल्या अण्णासाहेबांनी तरीही आपला ध्यास सोडला नाही. पुण्यात पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ पाहून त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत संगीतरूपाने आणण्याचे ठरविले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग पुण्यात झाला.

यात नवे ते काय? पूर्वी सूत्रधारच पदे गाई व पात्रे मागाहून भाषण करीत. अण्णासाहेबांनी गाणे पात्रांच्याच मुखी घातले. राजा आपला विरह स्वतः गाऊ लागला! चालींसाठी त्यांनी अभिजात राग घेतले, तशीच कीर्तनातील साकी-दिंडी आणि लहानपणी कानी पडलेली कानडी गाणीही घेतली. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेने प्रेक्षक वेडे झाले.

‘रामराज्यवियोग’ मात्र तीन अंकांवरच थांबले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, गुर्लहोसूर येथेच त्यांचा अंत झाला. नाटक अपुरे राहिले, पण परंपरा खुंटली नाही. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर प्रथम किर्लोस्कर मंडळीतच गाजले व १९१८ मध्ये त्यांनी स्वतःची मंडळी काढली. घरी कोंकणी बोलणाऱ्या आम्हांस याचे विशेष अप्रूप वाटते.

कडोलीच्या मुलांनो, तुमच्या कानांवर मराठी ओव्या पडतात, तशीच कानडी पदेही पडतात. एकीसाठी दुसरीस दूर लोटू नका. अण्णासाहेबांनी दोन्ही ऐकली, म्हणूनच त्यांस नवे गाणे सुचले, असे आम्हांस वाटते.