कोटणीसांचा आजार

पाच वर्षांत तीस क्रेडिट पॉइंट जमले नाहीत तर मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण अडते. म्हणून आम्ही सोलापूरची डॉक्टरमंडळी अधूनमधून रविवारी सकाळी एखाद्या हॉलमध्ये जमतो. खरे सांगायचे तर पुष्कळांचा एक डोळा हजेरीच्या वहीवर असतो आणि दुसरा जेवणाच्या टेबलाकडे. मीही त्यातलाच. चाळीस वर्षे जनरल प्रॅक्टिस केलेल्या माणसाला आता नवीन काय सांगणार, असा एक ताठा मनात असतोच.

त्या रविवारी विषय होता अपस्मार. पुण्याहून आलेला न्यूरॉलॉजिस्ट माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने सुरुवातीलाच विचारले, की या आजाराने गेलेला सोलापूरचा सर्वांत प्रसिद्ध डॉक्टर कोण? हॉलमध्ये एकही हात वर गेला नाही. त्याने पुढच्या स्लाइडवर डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीसांचा फोटो दाखवला, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून आमच्यातले निम्मे लोक रोज जातात. चीन सगळ्यांना ठाऊक, व्ही. शांतारामांचा १९४६ सालचा सिनेमा ठाऊक. पण ते गेले कशाने, याचा विचार मी डॉक्टर असूनही कधी केला नव्हता. कुठे तरी युद्धात गेले, एवढेच डोक्यात होते.

घरी आल्यावर कपाटातली जुनी पुस्तके काढली आणि त्यांचे आयुष्य डॉक्टरच्या नजरेने पुन्हा वाचले.

जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. मध्यमवर्गीय कुटुंब, भावंडे पुष्कळ. ते विशीत होते तेव्हा सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणारे गाव होते आणि १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला होता. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे आपले चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेले. अशा गावातला मुलगा मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला. घरच्यांची अपेक्षा तीच, जी माझ्या वडिलांची होती. पुढे शिकावे, दवाखाना काढावा, घराचा भार उचलावा.

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती जू दे यांनी नेहरूंकडे डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केले, वर्गणी जमली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे अटल प्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून बोट सुटली तेव्हा कोटणीस अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. गेले होते जेमतेम वर्षभराच्या बोलीवर. पुढे बाकीचे चौघे एकेक करून परतले.

वडील गेल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली. घरचा मुलगा, कर्ता होण्याच्या वयाचा. परत यायला कोणी दोष दिला नसता. ते पुढे येनानला गेले. त्यानंतरचा प्रवास उत्तरेच्या डोंगराळ मुलुखातला, शत्रूच्या वेढ्यांमधून वाट काढत केलेला. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून तिथे नोव्हेंबर १९३९ मध्ये जखमेतून रक्तदोष होऊन वारले होते. त्यांच्या नावाच्या इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलची सूत्रे जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. हॉस्पिटल म्हणजे दगडी भिंतींचा दवाखाना समजू नका. शेतकऱ्यांच्या खोल्या, देवळांचे ओसरे, आणि शत्रू आला की सगळे सामान खेचरांवर लादून पुढच्या गावी. १९४० च्या लढाईत ते सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया करत उभे होते, असे सांगतात.

मला त्याहून मोठी वाटली ती त्यांची शिकवण्याची खटपट. बेथूनच्या नावाने निघालेल्या वैद्यकीय शाळेत ते शिकवत. त्यासाठी चिनी भाषा शिकले, नुसती बोलण्यापुरती नव्हे, व्याख्यान देण्याइतकी. विद्यार्थी कोण? आघाडीवर मलमपट्टी करणारी खेड्यातली पोरे, ज्यांना शरीरशास्त्राचा गंधही नव्हता. त्यांच्यासाठी त्यांनी शस्त्रक्रियेचे एक पाठ्यपुस्तक लिहून पूर्ण केले आणि दुसरे लिहायला घेतले. आम्ही वातानुकूलित हॉलमध्ये बसून ज्याला कंटिन्यूइंग मेडिकल एज्युकेशन म्हणतो, ते हा माणूस शत्रूच्या वेढ्यात करत होता. तिथे हजेरीची वही नव्हती.

त्याच शाळेत परिचारिकांना शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस त्यांचे लग्न झाले. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

या काळात त्यांना झटके येत होते. उपचारासाठी आघाडी सोडून मागे जावे, असा सल्ला वरिष्ठांनी दिला. ते गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे झटक्यांतून ते सावरलेच नाहीत. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. दुसरे पुस्तक अर्धवट राहिले.

आता यातला डॉक्टरी भाग. फेफरे, मिरगी, आकडी, फीट, नावे काहीही असोत, मेंदूतल्या पेशींमध्ये विजेचा अवेळी लोट उठतो आणि शरीर ताब्यात राहत नाही. ही वीज कागदावर उमटवता येते, हे जर्मनीतल्या हान्स बर्गरने १९२९ सालीच दाखवले होते. फिनोबार्बिटोन, म्हणजे आपल्याकडचे जुने गार्डिनल, १९१२ पासून या आजारावर वापरात होते. आणि ज्या १९३८ साली कोटणीसांची बोट मुंबईहून सुटली, त्याच वर्षी बोस्टनच्या मेरिट आणि पुटनम या दोघांनी फेनिटॉइन अपस्मारावर चालते हे जाहीर केले. औषध जगात होते. वेढा पडलेल्या त्या डोंगरात, जिथे भूल द्यायच्या औषधाचीही मारामार, तिथे ते पोचणार कसे?

तिशीच्या माणसाला पहिल्यांदा फीट आली तर आज आम्ही प्रथम मेंदूचा स्कॅन सांगतो. गाठ आहे का, जुनी जखम आहे का, फितकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत कोष झाले आहेत का, हे पाहतो. आपल्या देशात हे शेवटचे कारण चांगलेच आढळते. सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला तो १९७१ साली, कोटणीसांनंतर एकोणतीस वर्षांनी.

व्याख्यात्याने फळ्यावर मोठ्या अक्षरात फक्त एक आकडा लिहिला होता. पाच मिनिटे. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरा सुरू झाला, तर ती तातडीची अवस्था समजून औषध द्यायचे. लोराझेपाम शिरेतून, नाहीतर मिडाझोलामचा फवारा नाकात. हा फवारा घरचा माणूसही मारू शकतो. कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचा नको. कुशीवर वळवायचे आणि घड्याळ बघायचे.

हे ऐकताना मला १९८६ साल आठवत होते. पूर्व भागातल्या विणकर कुटुंबातली एकोणीस वर्षांची मुलगी माझ्याकडे औषध घेत होती. वर्षभर फीट नव्हती. लग्न ठरले. वडील हात जोडून म्हणाले, की सासरी गोळ्या दिसल्या तर मोडेल, बंद करा. आजार लपवला आहे हे मला कळत होते. त्या वेळी हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने घातलेला अपस्माराचा उल्लेख होता, त्यामुळे ती भीती अगदीच खोटी नव्हती. मी दोन आठवड्यांत गोळ्या कमी करून बंद करायचा कागद लिहून दिला. इतक्या झपाट्याने बंद करायच्या नसतात, हे मला शिकवलेले होते. लग्नानंतर पाचव्या रात्री तिला झटक्यांवर झटके आले. पाऊण तास नाकाशी कांदा धरून बसले, मग सिव्हिलला नेले. ती वाचली. लग्न राहिले नाही. तिचे वडील नंतरही माझ्याकडेच येत राहिले, रक्तदाबासाठी. त्यांनी मला कधी एक शब्द विचारला नाही आणि मीही काढला नाही.

कायद्यातला तो उल्लेख १९९९ साली वगळला गेला. लपवणे मात्र चालूच आहे. आजही आई मुलीची फाइल पदराआड धरून केबिनमध्ये येते. मी त्यांना आता कोटणीसांची गोष्ट सांगतो. त्या ऐकतात, मग विचारतात, की त्यांच्या बायकोला ठाऊक होते का? ती स्वतः परिचारिकांची शिक्षिका होती, शेवटपर्यंत तिनेच शुश्रूषा केली, असे मी सांगतो. या उत्तराने त्यांचे समाधान होते असे नाही.

यिनहुआही डॉक्टरकी शिकायला गेला होता. शिक्षण चालू असतानाच १९६७ साली तो वारला. ग्वो छिंगलान पुढे अनेकदा भारतात येऊन गेल्या, कोटणीस घराण्याशी नाते ठेवून राहिल्या आणि २०१२ च्या जून महिन्यात गेल्या. कोटणीसांची समाधी शिज्याझुआंगच्या हुतात्मा उद्यानात, बेथूनच्या जवळच आहे.

त्या रविवारी जेवणाआधी हजेरीची वही आली. मी सही केली आणि व्याख्यात्याला गाठून फवाऱ्याचा वयानुसार डोस विचारून घेतला. त्याने तो माझ्याच प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे लिहून दिला. सोमवारी तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला.